खात्रीची बाटली

प्रिय धाकट्या,

तुला, तुझ्या बायकोला आणि पोरांना थोरल्या बहिणीचे भरपूर आशीर्वाद. सगळे बरे असाल असं धरून चालते. बरं नसतं तर एव्हाना तू फोनवर कण्हत सुटला असतास. गुडघा कसा आहे? (लांबण लावू नकोस. दुखतो किंवा दुखत नाही, एवढंच कळव.) माझी तब्येत ठणठणीत होती. 'होती' का म्हणते ते पुढे येईल. उडी मारून शेवट वाचायचा नाही, सांगून ठेवते.

तर मी अजून लेकीकडेच आहे आणि मला इथे एका जागी बसवत नाही. घर म्हणजे नुसती धावपळ. लेक विद्यापीठात जंत शिकवते हे तुला माहीत आहेच. जावई त्याच विद्यापीठात, पलीकडच्या इमारतीत, तान्ह्या पोरांनी काय खावं यावर संशोधन करतात. आणि त्यांची स्वतःची पोर तोंडाला कुलूप लावून बसलेली! मी गंमत करत नाही. जेवायची वेळ झाली की जावई छोटा वजनकाटा काढतात, वाटी तोलतात, चमचा तोलतात, पोरीच्या समोर कॅमेरा लावतात, आणि मग इतक्या हळू आवाजात "आ कर" म्हणतात की जणू बँक लुटायला आलेत. पिटुकली कॅमेऱ्याकडे बघते, चमच्याकडे बघते आणि मान फिरवते. मग उरलेलं पुन्हा तोलायचं. मी म्हटलं, अहो, पोर आहे का किराणा? तर म्हणाले, "आई, पहिल्या दोन वर्षांतलं खाणं आयुष्यभर पुरतं." मी म्हटलं, पुरेल, पण आधी पोटात जाऊ द्या की.

माझं मत पहिल्या दिवसापासून एकच. पोरीला जंत झालेत. रात्री चुळबुळ करते, लाळ गाळते, खात नाही, चिडचिड करते. आणखी काय हवं? लेकीला सांगितलं तर ती लॅपटॉपमधून डोकं वर न काढता म्हणाली, "आई, जंत असे वाटलं म्हणून होत नाहीत."

"अगं, जगाचे बघतेस, घरचे बघ एकदा."

"नंतर बघू. आत्ता माझं डोकं खाऊ नकोस."

डोकं मी नव्हे, तिची ती कार्यशाळा खात होती. तेही सांगते, नाहीतर तुला काही कळायचं नाही. लेकीची नोकरी अजून कच्ची आहे. पक्की व्हायची तर आता नवीन नियम निघालाय की शिकवणाऱ्यांनी आधी शिकवायला शिकायचं. त्यासाठी एक गृहस्थ नेमलेत. वर्गात कुणी बोलायला लागलं की ते टाळ्या वाजवून गप्प करतात, म्हणून मी त्यांना टाळीसर म्हणते. (समोर नाही. एकदा समोर म्हटलं, पण त्यांना ते कौतुक वाटलं.) या टाळीसरांपुढे आणि आणखी चार मोठ्या माणसांपुढे प्रत्येकाने एक धडा घेऊन दाखवायचा. आवडला तर नोकरी पक्की, नाही आवडला तर वर्षाने परत या. लेकीच्या आधीचा एक जण असाच परत गेला. तेव्हापासून हिच्या तोंडचं पाणी पळालेलं.

कारण तुला सांगते, आपली पोर हुशार आहे, पण शिकवताना भिंतीशी बोलते. पडद्यावर अक्षरं लावायची, तिकडे तोंड करायचं आणि वाचत सुटायचं. सराव कुणावर? माझ्यावर. रोज संध्याकाळी मी भाजी निवडत बसायची आणि ही कपाटाकडे बघून जंतांचा जन्म, जंतांचं बालपण, जंतांचं स्थलांतर. मला दोन वेळा डुलकी लागली. तिसऱ्या वेळी तीच जांभई देत थांबली. पण ऐकून ऐकून एक गोष्ट माझ्या डोक्यात घट्ट बसली. तपासणीला नमुना कधी एकटा ठेवायचा नाही. शेजारी दुसरा, खात्रीने स्वच्छ असलेला ठेवायचा. म्हणजे दोघांतला फरक दिसतो. मला हे फार पटलं. आपण तांदूळ घेताना नाही का, घरचे मूठभर बरोबर नेतो? तसंच.

आता माझं डोकं कसं चालतं तुला माहीत आहे. लेक म्हणते नंतर बघू, जावई म्हणतात तोलून बघू, बघत कुणीच नाही. मग मी काय करणार? लेकीच्या कपाटात त्या झाकणाच्या छोट्या बाटल्या असतातच. धड्याच्या दिवशी सकाळी दोन घेतल्या. एकीत पिटुकलीच्या लंगोटातलं घेतलं आणि झाकणाला लाल दोरा बांधला. ती संशयाची. दुसरी खात्रीची हवी. आता खात्रीने स्वच्छ असं घरात कोण? जावयाकडे मागणार होते काय? या वयातही मी दगड पचवते, कधी गोळी नाही, कधी दवाखाना नाही. तेव्हा दुसरी बाटली माझी. बिनदोऱ्याची. (नाक मुरडू नकोस. पुढे तुलाच...असो.)

विद्यापीठात मला जायचंच होतं, कारण टाळीसरांचा आणखी एक नियम. प्रत्येकाने विषयातलं ओ की ठो न कळणारं एक माणूस वर्गात आणून बसवायचं आणि शेवटी त्याला विचारायचं, काय समजलं. लेकीने आजूबाजूला न बघताच मला निवडलं. पाळणाघराचा नळ फुटला होता म्हणून पिटुकलीही कडेवर. शिवाय मोठी माणसं येणार म्हणून मी रात्रभर नव्हे, पण बराच वेळ खपून डबाभर गोड वड्या केल्या होत्या. एका हातात पोर, एका हातात डबा, बाटल्या पर्समध्ये. प्रयोगशाळेच्या दारात मिशीवाले एक गृहस्थ काचा पुसत उभे होते. त्यांच्या हातात बाटल्या दिल्या आणि म्हटलं, मॅडमना दाखवायच्यात.

"आजच्या धड्यासाठी का?"

पोर केस ओढत होती, पायात वहाण अडकली होती, मी म्हटलं, "तर मग कशासाठी?"

इथे मी जरा घाई केली. नीट ऐकलं असतं तर बरं झालं असतं. पण एकेका माणसाला किती समजावत बसायचं!

धडा सुरू झाला. लेक भिंतीकडे वळली आणि वाचायला लागली. चौघांतल्या एकाने घड्याळ पाहिलं, दुसरा पेनाचं टोपण चावायला लागला. टाळीसर हसत होते, पण ते हसू मागच्या त्या परत पाठवलेल्या माणसाच्या वेळचंच असणार. मग तिने सूक्ष्मदर्शक लावला. त्यातलं मोठं होऊन पडद्यावर दिसतं. तिथे तिच्या जुन्या, कपाटातल्या नमुन्यांच्या काचा असायला हव्या होत्या. मिशीवाल्यांनी मोठ्या निष्ठेने माझ्या बाटल्यांतल्या लावून ठेवलेल्या! पहिली लाल खुणेची. पडद्यावर काही नाही. इकडे सरकवली, तिकडे सरकवली, काही नाही. लेकीच्या कपाळावर घाम. मग म्हणाली, "ही तुलनेसाठी. स्वच्छ नमुना असा दिसतो." मी मनात म्हटलं, शाबास, पण पोरीला जंत नाहीत?

मग दुसरी काच लावली. आणि लेक ओरडली, "अगं बाई!"

पडदा भरलेला होता, धाकट्या. गोल गोल अंडी, एकाशेजारी एक, बसस्टॉपवर गर्दी व्हावी तशी. लेक अक्षरं विसरली, भिंत विसरली, चौघांच्या अगदी पुढ्यात येऊन हात हलवत बोलायला लागली. हे बघा, अंड्याच्या आत पिल्लू, त्याला हुकासारखे सहा आकडे, हे बघा हललं! बुटका चपटा जंत म्हणे, पण पोटात शेकड्यांनी राहतो. इतकी जिवंत अंडी मी वर्षानुवर्षं पाहिली नाहीत, म्हणाली! पेन चावणारा उठून पडद्याजवळ गेला. टाळीसर टाळ्या वाजवायला विसरले. मला असं भरून आलं म्हणून सांगू! आणि मग एकदम आठवलं, ती बाटली कुणाची.

लेक सांगत होती, "ज्या कुणाचा हा नमुना आहे, त्या व्यक्तीला हात धुवायचा कंटाळा आहे. आणि तिच्या हातचं जे जे जेवले, त्यांच्याही पोटात हे असू शकतं."

डबा माझ्या मांडीवर. धडा संपला, चहा आला, आणि टाळीसर थेट माझ्याकडेच आले. "आजी, काय समजलं?"

"सगळं समजलं," मी म्हटलं. "हात धुवायला हवेत."

सगळे हसले, कुणीतरी वा वा केलं. टाळीसरांनी खूश होऊन डब्यात हात घातला आणि मी झाकण लावलं. बोटं आत होती. ते "आई गं" म्हणाले. पण उघडलं नाही. सगळ्यांनी कोरडा चहा प्यायला आणि माझ्याकडे चमत्कारिक नजरेने बघितलं, बघू देत.

घरी येऊन लेकीला सांगितलं. ती आधी पांढरी पडली, मग खुर्चीत बसून इतकी हसली की जावई काटा घेऊन धावत आले. मग सगळ्यांची तपासणी. ही दोघं स्वच्छ, कारण इथे माझ्या हातचं कुणी खातच नाही, सगळं तोलून मापून स्वतः करतात. मला त्याच दिवशी गोळ्या सुरू. आणि पिटुकलीचं म्हणशील, तर या गडबडीत तिला भरवायचं राहिलं, तिने जावयांच्या ताटातला भात मुठीने तोंडात कोंबला आणि चमचा चावला. टक्क वाजलं. दात! लाळ, चुळबुळ, चिडचिड सगळं दाताचं. जंतवाली, खाणंवाला आणि मी, तिघांतल्या एकालाही तिच्या तोंडात डोकवावंसं वाटलं नव्हतं.

असं आहे सगळं. उगाच काळजी करू नकोस, आणि हे कुणाला वाचून दाखवू नकोस.

तुझी थोरली

ता. क. एक सांगायचं राहिलं. इकडे येण्याआधी सुट्टीभर तुमच्या स्वयंपाकघरात मीच होते ना? कणीक मी मळली, पोरांना घास मी भरवले. लेकीने गोळ्यांचं नाव वेगळ्या कागदावर लिहिलंय. तुमच्या डॉक्टरांना दाखवून सगळ्यांनी लगेच घ्या. आजच. चालढकल नको.

आणखी एक ता. क. थांब! गोळी घेऊ नकोस! पाकीट चिकटवणार तेवढ्यात लेक रडवेली होऊन आली. टाळीसरांना धडा इतका आवडलाय की पुढच्या आठवड्यात तोच कुलगुरूंपुढे घ्यायचा, आणि मगच नोकरीच्या कागदावर सही. पण तीच जिवंत अंडी हवीत. जुन्या काचा दाखवल्या तर ही पुन्हा भिंतीशी बोलेल, मला खात्री आहे. आणि माझ्याकडे आता काही उरलं नाही, गोळ्यांनी साफ केलं. बायकोपोरांना गोळ्या खुशाल दे. तुझ्या बायकोवर माझी भिस्त नाहीच, ती सारखी हात धूत असते. आशा फक्त तुझ्यावर. तू मामा आहेस, भाचीच्या नोकरीचा प्रश्न आहे. सोबत बाटली पाठवतेय. रिकामी आहे. रिकामी परत पाठवू नकोस.