गरम हात

ती. बाबा,

नमस्कार. मी वेळेवर जेवते, खोलीत ऊनही छान येतं. तुमचा गुडघा काय म्हणतोय? आईला इथपर्यंतच वाचून दाखवा.

काम तेच. पेशंटचा मेंदू कायमचा बंद पडला असं डॉक्टरांनी सांगितलं, की अवयव द्याल का, हे घरच्यांना विचारायला मी जाते. आता मला नुसतं येताना पाहूनच माणसं रडायला लागतात.

काल एका सुताराची मुलगी होती, माझ्याच वयाची. मशीनवर श्वास चालू होता. तो तिचा हात सोडेना. म्हणाला, "बाई, सगळं देतो. फक्त हिचा हात गार होऊ द्या, मग सही करतो."

मला सांगावं लागलं, "काका, गार झाल्यावर उपयोग नाही."

तिचा हात न सोडता त्याने डाव्या हाताने सही केली. सुतार माणूस, पण एक रेघ सरळ आली नाही.

चौघं वाचतील म्हणून सगळे माझी पाठ थोपटत होते. मी जिन्यात जाऊन बसले.

सुट्टीत आले की तुम्ही नेहमीसारखा माझा हात हातात घ्याल. बाबा, गरम हाताचा मला आता भरवसा वाटत नाही.

तुमची,
धाकटी