मेझुझेच्या आत

मोझेसदादा,

तिकडच्या ज्यू संग्रहालयातला तुझा फोटो मावशीने दाखवला. आपल्या रास्ता पेठेतल्या दाराच्या चौकटीवरची मेझुझा, ती धर्मवचनांची पितळी नळी, काचेत आहे आणि तू नातवंडांसह मान लववून उभा आहेस. आतली धर्मवचनं पवित्र, म्हणून ती कोणी उघडत नाही म्हणे.

मी तालिबशी लग्न केलं तेव्हा जिवंत बहिणीचं सात दिवस सुतक पाळलंस. त्याच आठवड्यात आईने वचनांचा कागद काढला आणि माझ्याकडून मागवलेला निकाहाचा फोटो गुंडाळून आत घातला. पुढे बावीस वर्षं येता-जाता तू त्या मेझुझेला हात लावून बोटं ओठांना टेकवलीस. आई बघत असायची.

हे पत्र मी पाठवणार नाही. कळलं तर उघडशील. त्यापेक्षा नातवंडांना नेत जा, माझ्या नवऱ्यापुढे नीट वाकायला शिकव.

तुझी मेलेली बहीण,
दीना