दाबायला माय, चालवायला तुम्ही

प्रिय आप्पा,

काल दुपारी तुमच्या जीपला नवा क्लच बसला. पेडल पुन्हा कडक झालं, हे मायनं स्वतः दाबून सांगितलं. सोमवारी नंदुरबारला तिची लायसनची परीक्षा आहे, आणि ती याच जीपवर देणार आहे. ही बातमी तुम्हाला माझ्याकडूनच कळावी, म्हणून लिहितेय.

तुम्ही गेल्यापासून जीप मळ्यात लिंबाखाली उभी होती. क्लचची प्लेट गंजून आत चिकटली, त्याच्या तेलाचा खालचा सिलिंडर गळायला लागला. पेडल दाबलं की ओल्या फडक्यासारखं खाली पडून राहायचं. गॅरेजला ओढून न्यायला माय तयार नव्हती. शेवटी काका आणि मी जॅक लावून गिअरबॉक्स गोणपाटावर उतरवला.

जुनी प्लेट हातात घेऊन काका म्हणाले, "वहिनी, आते इकी टाक ना गाडी. चालावाले कोन शे?"

"इकसू," माय म्हणाली, "पन तुले नही."

काका हसले, आणि विकायचा विषय सोडून त्यांनी पाना उचलला.

नवी प्लेट, नवा सिलिंडर बसला. मग क्लचच्या तेलाच्या पाइपात अडकलेली हवा काढायची होती. ते काम एकट्याचं नाही. एक वर पेडलवर, एक खाली, हवा सोडायच्या निपलपाशी. तुमच्या वेळी खाली तुम्ही असायचात, सलाईनची नळी आणि बाटली घेऊन. आणि वर? कायम मायच!

"दाब. धरी ठेव. सोड. आखो दाब."

"मन्हा पाय दुखी ऱ्हायना."

"दुखू दे. हवा निंघी ऱ्हायनी."

नळीतले बुडबुडे थांबेपर्यंत ती दाबत राहायची. मग तुम्ही हात पुसायचात, तिला खाली उतरवायचात आणि एकटेच म्हसावदपर्यंत चक्कर मारून यायचात. आठवतं?

एकदा तिनं विचारलं होतं, "मी चालाई देखू का?" मी ओट्यावर दाणे निवडत होते. तुम्ही तिच्याकडे बघितलंही नाहीत. "क्लच जळी जाई. बाईना पाय जड ऱ्हास."

आप्पा, ज्या पायाच्या भरवशावर तुमचा क्लच चालत होता, तोच पाय जड?

तो दिवस तुम्हाला सांगायलाच हवा, कारण तुम्ही अर्धाच पाहिलात. मी बातमीसाठी बाहेरगावी होते, काका आणि आजूबाजूच्या मळ्यांवरचे सगळे गडी लग्नाला रनाळ्याला गेलेले. सकाळीच तुम्ही क्लचची हवा काढली होती, अर्थात मायला वर बसवून. दुपारी छातीत कळ आली. अ‍ॅम्ब्युलन्सला फोन केला तर ती दुसऱ्या गावी गेलेली. मायनं तुम्हाला कसंबसं ओढत जीपमध्ये बसवलं. स्वतः स्टिअरिंगपुढे बसली. चावी फिरवली, गाडी सुरू झाली. तिनं क्लच दाबला.

तेवढंच तिला येत होतं.

दाबून धरून ती बसून राहिली. सोडायचा कसा, गिअर कुठला, कोणी कधी सांगितलंच नव्हतं. रस्ता समोर होता, दवाखाना त्याच रस्त्यावर होता. अ‍ॅम्ब्युलन्स आली तेव्हा इंजिन सुरूच होतं आणि तिचा पाय क्लचवरच होता. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशीची निधनवार्ता मीच लिहिली. 'हृदयविकाराच्या झटक्यानं.' खोटं नव्हतं ते. पण इतकी वर्षं बातम्या लिहितेय, अपुरं कारण मला ओळखता येतं. नातेवाईक नशिबाला बोल लावत होते. माय आजही तुम्हाला काही म्हणत नाही. मी म्हणते! एका रविवारी, मोकळ्या शेतात, तासभर शेजारी बसला असतात तर काय गेलं असतं तुमचं? फार तर एक प्लेट!

काल मी खाली होते, माय वर. "दाब, धर" म्हणायची मला गरजच पडली नाही. बुडबुडे संपले तसं मी निपल आवळलं. माय मात्र खाली उतरली नाही. पहिला गिअर टाकला, पाय हळूहळू सोडला आणि जीप बांधापर्यंत नेली. एकदा बंद पडली. तिनं पुन्हा सुरू केली.

शहाद्याच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये ती दोन महिने जातेय. सोमवारी इन्स्पेक्टर तिला आठचा आकडा काढायला लावतील. पास झाली तर येताना जीप तीच चालवेल. नापास झाली तर पुढची तारीख घेऊ.

आणि एक वचन देते, आप्पा. गाडी कोणी शिकवली, असं कुणी विचारलंच, तर मी तुमचं नाव घेणार नाही.

तुमचीच,
सुनंदा