राखणदाराला चढलेली झिलई

मु. खारवाडी, मुरुडजवळ
मंगळवार, जत्रेच्या आधीचा

तीर्थरूप सखुआत्या हिच्या पायांशी कुलदीपचा साष्टांग नमस्कार.

इकडे सर्व खुशाल आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो, तू त्यावर विश्वास ठेवू नकोस. तुझा गुडघा कसा आहे? गिरणीचा पट्टा पुन्हा निसटत नाही ना? हे सगळं फोनवर विचारता आलं असतं, पण तू फोन स्पीकरवर लावून गव्हाच्या डब्यावर ठेवतेस आणि गिरणीच्या आवाजात ऐकू जावं म्हणून मला ओरडावं लागतं. मागे मी मूळव्याधीचं औषध विचारलं, तर तुमच्या तळा गावातल्या अनोळखी बायकांनी मला निरोप पाठवून पथ्यं कळवली. आजची गोष्ट त्याहून नाजूक आहे. म्हणून पत्र. वाचून झालं की चुलीत घाल. (चूल नसेल तर गॅसवर, पण सांभाळून.)

मी जात्याच भित्रा, हे तुला सांगायला नको. बारशाला पाळणा हलवला तर मी कडी धरून ठेवली होती, असं तूच सगळ्यांना सांगत असतेस. त्यात नशिबाने पोट भरायला काम दिलं ते फिरत्या नाटकमंडळीत पडद्यामागचं. म्हणजे ज्याला अंधाराची भीती, त्याने अंधारात उभं राहून पगार घ्यायचा. दोन प्रवेशांच्या मध्ये दिवे जातात, आम्ही सोफा उचलून आत न्यायचा, आणि दर वेळी मला वाटतं की सोफ्याचं दुसरं टोक धरलेला माणूस आपल्या गावचा भिकू नव्हे. (एकदा सोफा फारच जड लागला. नायकाचे काका त्यावरच बसून राहिले होते. त्यांना विंगेत आणून ठेवलं तेव्हा ते उरलेलं वाक्य भिकूला ऐकवत होते.) अशा कामाने छाती धडधडायला लागली, तेव्हा मस्कतहून सुट्टीवर आलेल्या माझ्या मित्राने, अदनानने, मला एक छंद लावून दिला. तिकडे त्याचा शेजारी दगडांना झिलई चढवायचा. अदनान म्हणाला, "मियाँ, हे कर. दगडाला बी सबर लागते, तुला बी येईल."

तर मी कूलरची जुनी मोटर, दोन रूळ आणि रंगाचा एक झाकणाचा ड्रम जमवून पडवीत यंत्र उभं केलं. ड्रममध्ये किनाऱ्यावरचे दगड, पाणी आणि अदनानने दिलेली खरखरीत पूड घालायची आणि तो फिरत ठेवायचा. आठवड्याने उघडून धुवायचं, त्याहून बारीक पूड घालायची, पुन्हा फिरवायचं. शेवटच्या पुडीनंतर गारगोट्या अशा निघतात की पाहणाऱ्याला वाटावं, आत्ताच पाण्यातून काढल्या. समुद्राला जे करायला जन्म लागतात ते माझा ड्रम महिन्याभरात करतो. फक्त समुद्राला वीजबिल येत नाही. प्रणाली पहिल्या दिवशी म्हणाली की हा आवाज ऐकून मी माहेरी जाईन. मग तिला सवय झाली. आता ड्रम थांबला की तीच दचकून विचारते, काय झालं?

इथपर्यंत सगळं ठीक होतं. आता भीतीचं सांगतो.

आपल्या गावच्या जत्रेचं नाटक खाडीच्या तोंडाशी, उघड्यावर होतं. संध्याकाळी वारा असा सुटतो की विंगा शिडासारख्या फुगतात. म्हणून आपल्याकडे प्रत्येक विंगेच्या आणि दाराच्या टेकूवर दगड ठेवायची चाल आहे, आणि उजव्या कोपऱ्यात, पडद्याच्या दोरीपाशी, आपला राखणदार. हे मी तुला कशाला सांगतोय? तुझ्या बाबांनीच तो खडकावरून आणून तिथे बसवला, पहिली दोरी त्यांनी धरली, मग आमच्या बाबांनी, आता मी. पण घाबरलेला माणूस माहीत असलेलंच पुन्हा सांगत बसतो. मुठीत मावेल एवढा दगड, काळसर, मधून पांढरी शीर, वरून शेंदूर. त्याला नारळ, विडी आणि कौल झाल्याशिवाय आपल्या गावात आजवर पडदा वर गेलेला नाही.

गेल्या जत्रेत तिसऱ्या अंकात वाऱ्याने दाराची चौकट नायिकेवर यायला लागली. मी हाताला लागेल तो दगड उचलून टेकूवर दाबला. चौकट वाचली, नायिका वाचली, टाळ्यासुद्धा पडल्या (नायिकेला वाटलं तिला). नाटक संपल्यावर मी सगळे दगड एका गोणीत भरले आणि घरी आणून टाकले. पुढे पावसाळ्यात किनाऱ्यावर जाता येईना, तेव्हा ड्रमसाठी त्याच गोणीतून चांगले चांगले दगड काढत गेलो. एक विशेष आवडला. काळसर, मधून पांढरी शीर. आपला काळा कातळ सहसा चमक धरत नाही, पण याने धरली. असा निघाला की त्यात मला माझं नाक दिसलं. मी तो दूरदर्शनच्या डोक्यावर ठेवला.

मागच्या आठवड्यात मंडळाचे अध्यक्ष बाबाजी दारात येऊन म्हणाले, राखणदार काढून ठेव, पूजा करायची हाय. मी गोणी उपडी केली. राखणदार नव्हता. मग माझी नजर हळूहळू दूरदर्शनकडे गेली, आणि आत्या, तिथेच थांबली. मी आपला देव घासला होता. पुडीत, पाण्यात, उलटासुलटा, महिनाभर. आणि वरून त्याच्यासमोर बसून क्रिकेट पाहिलं होतं.

बोलायला तोंड उघडलं होतं, पण त्यातून "चहा घेणार का?" एवढंच आलं. माझा हिशेब असा होता की शेंदराचा जाड थर दिला की कुणाला काय कळतंय? पूजेच्या दिवशी तो गुपचूप कोपऱ्यात नेऊन ठेवला. बाबाजींनी चष्मा नाकावर सरकवला, म्हणाले, "ह्यो येवढा चकाकतोय कशानं?" मी म्हणालो, वर्षभर घरात पुसत होतो. ते खूश झाले. मग त्यांनी तेलात कालवलेला शेंदूर लावला.

आत्या, गुळगुळीत दगडावर शेंदूर ठरत नाही. तो ओघळला, आणि सगळा देव पुन्हा उघडा, चकचकीत, जसाच्या तसा. बाबाजींनी पुन्हा लावला, पुन्हा ओघळला. गर्दीत कुणीतरी हाय हाय केलं. मग कौल लावायचं ठरलं. ओल्या पाकळ्या दोन्ही अंगांना चिकटवायच्या, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. इथे पाकळी चिकटवून बोट उचललं की पाकळी खाली. उजवी, डावी, सगळ्या एकदमच घसरल्या. बाबाजी सगळ्यांकडे पाहून म्हणाले, "शेंदूर न्हाय घेत, कौल न्हाय देत. कुनीतरी पाप केलंय. ज्यानं केलं त्यानं जत्रेच्या आदी यावं नि बोलावं. न्हायतर औंदा पडदा न्हाय उघडायचा." सगळे एकमेकांकडे बघत होते. मी विंगेकडे बघत होतो, विंग हलत नव्हती, मी हलत होतो.

आता तू म्हणशील, सांगून टाक. मलाही तसंच वाटतं, फक्त दुसऱ्या कुणीतरी सांगावं. बोललो तर आजोबांपासून चालत आलेली दोरी माझ्या हातून जाईल. देवाला ड्रममध्ये घालणाऱ्याच्या हाती गाव पडदा कसा देईल? नाही बोललो तर नाटक होणार नाही, आणि या नाटकात, आत्या, प्रणालीला पहिल्यांदा काम मिळालं आहे. इतकी वर्षं ती सगळ्यांच्या नऊवारीला इस्त्री करून देत आली. यंदा तिला लेडी इन्स्पेक्टरचं काम दिलंय. भाकऱ्या थापताना ती वाक्यं पाठ करते. परातीवर थाप मारून माझ्याकडे वळते आणि म्हणते, "खरं सांग, मुद्देमाल कुठे लपवलास?" काल मी खरंच बोलायला लागलो होतो. ती म्हणाली, मध्ये बोलू नका, गुन्हेगाराचं वाक्य नंतर आहे.

जेवण जात नाही. ड्रम बंद करून टाकलाय, त्यामुळे पडवीत इतकं शांत आहे की शेजारी चौकशीला येतात. देवाची भीती वाटते, बाबाजींची वाटते, प्रणालीची तर वाटतेच, आणि सगळ्यांत जास्त भीती वाटते ती त्या भाकऱ्या थापणाऱ्या बाईचं तोंड उतरलेलं बघायची. हे लिहिताना लाज वाटत नाही, कारण तुझ्यापुढे मी पहिल्यापासूनच असा आहे.

बाकी क्षेम. गुडघ्याला गरम मिठाचा शेक दे.

तुझा भेदरलेला भाचा,
कुलदीप

ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच. गिरणीचे दगड गुळगुळीत झाले की तू छिन्नी-हातोडा घेऊन त्यांना टाकी लावतेस ना, टोचून टोचून खरबरीत करतेस? तो हातोडा आणि ती टाकी पिशवीत घालून जत्रेच्या आदल्या दिवशी ये. राखणदाराला थोडं टोचून दे, म्हणजे शेंदूर धरेल आणि पाकळीही धरेल. मी हातोडा उचलून पाहिला, पण देवाच्या अंगावर मारायचं म्हणताच डोळे मिटले आणि अंगठा फोडून घेतला. तू आजोबांची लेक आहेस, शिवाय तू कुठल्या देवाला घाबरलेली मी पाहिली नाही. कुणी विचारलंच तर नाटक बघायला आलेय म्हण.

ता. क. (बुधवार) पत्र अजून खिशातच आहे, तळ्याच्या गाडीचा कंडक्टर आज आला नाही. टाकी आणू नकोस! सकाळी म्हटलं, हे पापाचं यंत्रच घरात नको, म्हणून ड्रमचं स्टँड उचललं. पडवीला उतार आहे, म्हणून एका पायाखाली मी गोणीतलाच एक दगड सारला होता. तो उलटा केला. पांढरी शीर आणि खाचेत वाळलेला शेंदूर. आत्या, दूरदर्शनवरचा तो दाराच्या टेकूचा साधा दगड आणि राखणदार पडवीत, ड्रमच्या पायाखाली! त्याला घासला नाही हे खरं, पण वर्षभर रात्रंदिवस हलवला, त्याचं काय? आता मला पहिल्यापेक्षा जास्त भीती वाटते आहे.

ता. क. (बुधवार संध्याकाळ) उरलेल्या विंगा लावायच्या निमित्ताने गेलो आणि दगडांची अदलाबदल केली. दिवेलागणीला बाबाजींनी पुन्हा एकदा शेंदूर लावून पाहिला, बसला. पाकळ्या लावल्या आणि उजवी अशी टपकन पडली की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाबाजी म्हणाले, "राग गिळला त्यानं. आता कसा आपला वाटतोय." सगळ्यांनी हात जोडले. प्रणाली मागच्या रांगेत खाकी टोपी छातीशी धरून उभी होती, तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मी लगेच दुसरीकडे. नाटक होणार, दोरी माझ्याकडेच. तू मात्र ये. पडद्यापाशी फार अंधार असतो आणि कुणीतरी आपलं माणूस जवळ असलेलं बरं.

ता. क. मघाशी खरी गरज सांगायची राहिली. प्रणालीला शांतता सोसवत नाही, म्हणून ड्रम पुन्हा लावायचा आहे, आणि आता तो एका अंगाला कलतो. येताना त्याच्या पायाखाली सारायला गिरणीतला एखादा टाकाऊ दगड आण. फक्त निघण्याआधी आजूबाजूला नीट विचारून घे, तो कुणाचा देव नाही ना.