फाट्यावर न थांबलेली बस

मॉन्ट्रियल, २० जानेवारी

चि. ओस्निएल यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतची यादी मिळाली. वाचून हसावं की रडावं कळेना. गल्लीतल्या नऊ घरांची नावं, प्रत्येकापुढे साबण, कॉफी, डोकेदुखीच्या गोळ्या आणि शेवटी चपलेच्या मापासाठी तुझ्या बायकोचं पाऊल कागदावर ठेवून काढलेली रेघ. ती रेघ तिच्याच पावलाची आहे की कुणा बदकाच्या, एवढं विचारून घे.

पण या वर्षी माझं क्यूबाला येणं होत नाही रे. वृद्धाश्रमाच्या धोबीखान्यात आम्ही आता तिघीच उरलो आहोत, रजेचं नाव काढायची सोय नाही. आईला नीट समजावून सांग. तिच्या गुडघ्यांसाठी गोळ्या आणि मलमाच्या चार नळ्या एका ओळखीच्या बाईंबरोबर पाठवते आहे. रेजाँ मजेत आहे. त्याच्या आईवडिलांच्या लग्नाला चाळीस वर्षं होताहेत, त्या गडबडीत तो बायकोला विसरला आहे.

आईला माझा नमस्कार सांग आणि माझ्यावर रुसू नका.

तुझी ताई,
दानाय

सांता लुसिया, १४ फेब्रुवारी

ती. दानायताईस, ओस्निएलचा सा. न. वि. वि.

हे पत्र समोरच्या ब्राउलिओच्या भाच्याबरोबर पाठवतो आहे, तो परवा तिकडे परततोय. फोनवर हे बोलता येत नाही, कारण फोन ओदालिसच्या घरी आणि कान सगळ्या गल्लीचे.

हा भाचा मंगळवारी आला, तेव्हा ब्राउलिओ त्याला घ्यायला होल्गीनच्या विमानतळावर गेला होता. तिथे कुंपणाबाहेर उभा असताना, म्हणतो, त्याला तू दिसलीस. डोक्यावर ही मोठी टोपी, बरोबर रेजाँ आणि दोन गोरे म्हातारे. त्याने तुझ्या नावाने हाक मारली, तू मान वळवलीस आणि हॉटेलच्या बसमध्ये चढलीस. मी त्याला म्हटलं, काका, आता चष्मा करायला झालाय. पण तो ऐकतोय कुठला! गल्लीभर सांगत सुटला. आता बायका मला थांबवून विचारतात की दानाय मडमीण झाली का, तिला आता आमच्या खुर्च्या टोचतात का.

आईच्या कानावर गेलंच. तिने मला एकदाच विचारलं, ती असेल का रे. मी नाही म्हटलं. तेव्हापासून तिने विषय काढलेला नाही, पण दोन दिवस झाले, संध्याकाळी दारात बसत नाही. खुर्ची आत घेतली आहे. आई आणि दार सोडून आत, म्हणजे काय ते तुला सांगायला नको.

तेव्हा ताई, दोन ओळी लिही. ती तू नव्हतीस, एवढंच लिही. आईला मोतीबिंदूमुळे वाचता येत नाही, मी वाचून दाखवीन आणि ब्राउलिओलाही ऐकवीन.

लोभ आहे तो उणा होऊ देऊ नकोस.

तुझा,
ओस्निएल

मॉन्ट्रियल, २३ फेब्रुवारी

चि. ओस्निएल यास आशीर्वाद.

ती मीच होते.

तीन कागद फाडले, मग ही एक ओळ लिहिता आली. रेजाँच्या आईवडिलांना लग्नाच्या चाळिसाव्या वर्षी समुद्रकिनारी न्यायचं ठरलं. आठ दिवसांची सहल, विमान, खोली, जेवणखाण सगळं एकत्र, आणि विमान नेमकं आपल्याच होल्गीनला उतरणारं. मी नको म्हणू शकले असते. म्हटलं नाही. उलट मला हायसं वाटलं, हेच तर तुला सांगायचं आहे. घरी येते तेव्हा चार बॅगा भरायच्या, नऊ घरं सांभाळायची, कुणाला कमी पडलं तर त्याचं तोंड बघायचं. मागच्या वेळी परत जाताना मी विमानात रडले ते तुमच्या आठवणीने नाही रे, दमून. मला आठ दिवस पाहुणी व्हायचं होतं. कुणी काही मागू नये, एवढंच हवं होतं.

पण क्यूबात जन्मलेल्या आपल्यासारख्यांना तिथल्याच पासपोर्टवर उतरावं लागतं. रेजाँ आणि सासूसासरे परदेशी लोकांच्या रांगेतून भराभर पुढे गेले, मी मागे. खिडकीतल्या पोरीने माझं जन्मगाव वाचलं, राहण्याचा पत्ता विचारला. मी हॉटेलचं नाव सांगितलं. तिने वर बघितलं आणि विचारलं, सांता लुसियात आता तुमचं कुणी नाही का? मी म्हटलं, नाही.

ओस्निएल, आई जिवंत असताना मी असं म्हटलं.

बस आपल्या फाट्यावरून गेली. बंद पडलेल्या साखर कारखान्याचं धुराडं दिसलं. मी ड्रायव्हरला थांब म्हणाले असते तर तो थांबला असता, आपल्याकडचाच होता. मी टोपी डोळ्यांवर ओढून झोपेचं सोंग घेतलं. ब्राउलिओकाकांची हाकही ऐकली होती. हॉटेलात सासूबाईंनी बॅग उघडली तर निम्मी बॅग खोल्या साफ करणाऱ्या बायकांसाठी, मोजे आणि टूथपेस्ट. त्या बर्फातल्या बाईला सुचलं आणि मी रिकाम्या हाताने आले होते. चौथ्या दिवसापासून अन्न गोड लागेना. घर तासाभरावर होतं, तरी गेले नाही. कारण गेले असते तर आधी का आली नाहीस, याचं उत्तर द्यावं लागलं असतं.

आईला हे वाचून दाखवायचं की नाही, ते तू ठरव. ती माझं तोंड बघणार नाही म्हणाली तर तेही कळव. मला खोटं सांगू नकोस, ते मी एकटीने पुरेसं सांगितलं आहे.

माझ्याबद्दल काही माया उरली असेल तर ती ठेव.

तुझी,
दानाय

सांता लुसिया, ९ मार्च

ती. दानायताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोन दिवस खिशात घेऊन हिंडलो. रागावलो होतो, खोटं कशाला सांगू. तू विमानात दमून रडलीस, पण त्या वेळच्या यादीतलीही निम्मी नावं मी स्वतः घातली होती, हे तिसऱ्या दिवशी आठवलं आणि मग रागही धड करता येईना.

त्याच दिवशी ओदालिसने मला रस्त्यात गाठून साबणाबद्दल तुझे आभार मानले. मी म्हटलं, कसला साबण? मग कळलं; मला ठाऊकच असेल असं धरून आजवर कुणी बोललं नव्हतं. मी तुला मागचं पत्र लिहिलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी, मी शाळेत शिकवायला गेलो असताना, आईने कपाट उघडलं होतं. तू गेल्या दोन खेपांना तिच्यासाठी आणलेलं सगळं तिने जपून ठेवलं होतं. ते पिशवीत भरून, तसल्या गुडघ्यांनी, ती नऊच्या नऊ घरं फिरली. सांगितलं की दानाय येऊन गेली, दुपारी दोन तासच, सासूसासरे बरोबर म्हणून कुणाकडे जाता आलं नाही, हे तुमच्यासाठी ठेवून गेली. ब्राउलिओला तू जानेवारीत पाठवलेल्या मलमाच्या चारही नळ्या दिल्या आणि सांगितलं की त्याची हाक दानायने ऐकली होती, पण बस सुटत होती. स्वतः आता रेशनच्या कपडे धुण्याच्या साबणाने अंघोळ करते आहे. गुडघे चोळायला काही नाही.

मग मी पत्र वाचून दाखवलं. सगळं, ते खिडकीतल्या पोरीचंही. आई डोळे मिटून ऐकत होती. तिथे आल्यावर तिने हात वर केला, मी थांबलो, थोड्या वेळाने म्हणाली, वाच पुढे. संपल्यावर तिने खुर्ची दारात नेऊन ठेवायला सांगितली. तुझं तोंड बघणार नाही, असलं काही ती म्हणाली नाही. रडलीही नाही, निदान माझ्यासमोर.

आता रोज कुणीतरी येऊन बसतं आणि ती तुझी भेट सांगते. मी चार वेळा ऐकली आहे. तू काळा घेवडा आणि भात दोनदा वाढून घेतलास, तिच्या पलंगावर जरा आडवी झालीस, जाताना रेजाँने तिचा हात हातात घेतला. चौथ्या वेळी तर मीच विचारून बसलो की ताईने माझी चौकशी केली का. आई म्हणाली, केली की, तू शाळेत होतास.

तिने तुला एकच विचारायला सांगितलं आहे. त्या दिवशी तुझे कपडे कोणत्या रंगाचे होते? तिने सगळीकडे पिवळे सांगितले आहेत आणि ब्राउलिओ म्हणतो निळे होते. खरं काय ते लगेच कळव, म्हणजे तिला सांगताना चुकायला नको.

तुझा,
ओस्निएल