उशीर

लारेडो, १९ जुलै २०२०

प्रिय एर्लिंदाताई,

तू, भावोजी आणि मुलं बरी असाल. तू माझा फोन उचलत नाहीस आणि कोविडमुळे सीमेवरचा पूल ट्रक सोडून आपल्यासारख्यांसाठी बंद आहे, म्हणून हे पत्र ट्रकवाल्या निकानोरच्या हाती देतोय. इथे ऊन इतकं आहे की फाटकाला हात लावला तर चटका बसतो. लोकांचे एसी धडाधड बंद पडतायत, कामाला तोटा नाही. आईचं शेवटी लिहितो.

बाबांच्या नवव्या दिवसाच्या जपमाळेला सगळे फोनवर असताना तू म्हणालीस, "एवारिस्तोने बाबांना त्या इस्पितळवाल्यांच्या हवाली केलं. एकटे मेले ते." मी माळेचा पुढचा मणी ओढला. जपात भांडत नाहीत.

आता ऐक. अँब्युलन्स मीच बोलावली. ग्वादालुपे मातेच्या तसबिरीवर हात ठेवून बाबांनी आपल्या सगळ्यांकडून शपथ घेतली होती, कुणी बोलवायची नाही. ती मी मोडली. त्याआधी निलगिरीची वाफ झाली, छातीला मलम झालं, दोन्ही तुमच्या सांगण्यावरून. ऑक्सिजन मोजायचं बोटाला लावायचं यंत्र आणलं तर म्हणाले, "हे तुझ्या फ्रीजला लाव, मला नको." तरी झोपेत लावलं. मी शाळा सोडून पुस्तकांवरून एसी-फ्रीज दुरुस्ती शिकलेला माणूस आहे. मीटर खाली आलं की मी त्याच्याशी वाद घालत नाही. स्ट्रेचर वळेना, तेव्हा दार बिजागऱ्यांसकट काढलं. चौकटीला ओरखडा नाही, येशील तेव्हा बघ.

आणि हो, बाबांच्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढला तोही मीच. शेजारच्या तोमासाबाईने तुला मीठमसाला लावून सांगितलंच असेल. निघणाऱ्याला घरातल्या मोठ्याने आशीर्वाद द्यायचा, ही आपली रीत. आईला उभं राहवत नव्हतं. बाबा विनाआशीर्वाद उंबऱ्याबाहेर जाणार होते, म्हणून मुलाने बापाला दिला. तू म्हणतेस, जिवंत माणसाला मेल्याची खूण केली. बाबा मात्र मास्कच्या आडून म्हणाले, "अंगठा सरळ धर, गाढवा." ते त्यांचे माझ्याशी शेवटचे शब्द.

अँब्युलन्समधल्या बाईने एकच विचारलं, "इतका उशीर का केला?" ताई, आदल्या संध्याकाळी फोन माझ्या हातात होता. तू स्पीकरवर म्हणालीस, "उद्यापर्यंत थांब, वाफेने उतरेल." आई रडत होती. मी फोन खाली ठेवला. मीटर काय सांगतंय ते दिसत असूनही ठेवला. बोलावलं याची मला लाज नाही. तुमचं ऐकलं याची आहे. आपल्या गल्लीतली म्हातारी माणसं म्हणतात, अँब्युलन्समधून गेलेला परत येत नाही. अगं, ओठ निळे पडेपर्यंत घरात कोंडून ठेवल्यावर कोण परत येणार?

आता आईचं.

काल सकाळी कॉफीचा कप तोंडापर्यंत नेताना तिला धाप लागली. तिने तीच तसबीर पुढे केली, "घे शपथ." मी हात मागे घेतला आणि तिच्यासमोरच फोन लावला. तिने गल्लीभर ऐकू जाईल असं सुनावलं, "आधी नवरा नेलास, आता मला ने! कसायाच्या पोटचा नाहीस रे तू, माझ्या पोटचा आहेस!" तोमासा खिडकीतून बघत होती. तिलाही सांगितलं, "तुमच्या म्हाताऱ्याला धाप लागली तर तुम्हाला न विचारता बोलावणार आहे."

आई इस्पितळात आहे. नाकाला नळी आहे, ऑक्सिजन लागलाय, शुद्धीवर आहे. तिथली नर्स फोनवर तिला दाखवते. मला बघितलं की आई भिंतीकडे तोंड फिरवते. फिरवू दे. तोंड फिरवायला ताकद लागते.

पण तिने सकाळपासून नळी काढायचा हट्ट धरलाय आणि ती फक्त तुझं ऐकते. नर्सचा नंबर पाकिटाच्या मागे लिहिलाय. फोन कर. माझ्याबद्दल काय बोलायचं ते बोल, शिव्या दे, तिलाही बरं वाटेल. पण "घरी ये" म्हणू नकोस. एकदा मी तुझं ऐकलंय, ताई. आता तू माझं ऐक.

अजून आई असलेला तुझा भाऊ,
एवारिस्तो