दादांनी सांगितलेला अर्थ

प्रतापनगर, बडोदे
४ फेब्रुवारी २०२४

तीर्थस्वरूप जयसिंगदादांस,
धाकट्या वसुंधराचा कृ. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि ओरडून बोललं की शेजारी जमतात, म्हणून पत्र. वहिनींना सांगा, तिळगूळ मिळाला, कडक झाला होता पण चव आपली होती.

दिवाळीत तुम्ही आला होतात तेव्हा नंदेसरी रस्त्यावरच्या वैदजींच्या शिबिरात स्टेजवरून बोललात ना, की त्यांच्या पुडीने साखर गेली आणि सुई सुटली? तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच आहे. मागच्या रविवारी मी जाऊन पुड्या आणल्या. वैदजी म्हणतात, इन्सुलिन बंद केलं तरच पुडी लागू पडेल. घरात धनाजीराव चिडलेत. वर्कशॉपमध्ये तीस वर्षं यंत्रं दुरुस्त केलेला माणूस, पुडीवर कसा विश्वास ठेवणार! शेजारच्या कौशल्याबेन तर तोंडावर म्हणाल्या की ए तो ऊंटवैद छे.

मला तो शब्द फार लागला. तुम्ही इथे बडोद्याच्या शाळेत एवढी वर्षं गुजराती शिकवलंत. हा शब्द आला कुठून आणि त्याचा खरा अर्थ काय, ते लिहा. तुम्ही म्हणाल तसं करीन.

तुमची,
वसुंधरा


सातारा
१३ फेब्रुवारी २०२४

चि. सौ. वसुंधरा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून हसू आलं. अगं, ऊंटवैद ही शिवी नव्हेच. संस्थानांच्या काळात सरकारी उंटांना वैद्य असत. मुक्या जनावराची नाडी ओळखणारा माणूस, त्याचा दरबारात केवढा मान! त्यांच्याकडे माणसंही औषधाला येऊ लागली, तेव्हा पदवीवाल्यांच्या पोटात दुखलं आणि त्यांनी तो शब्द बदनाम केला. आपले पणजोबा फौजेत होते, त्यांच्या तळावरही असा एक जण असणार. तेव्हा कौशल्याबेन नकळत वैदजींचं कौतुकच करून गेल्या.

सुईचं म्हणशील तर मी सहा महिन्यांपूर्वी सोडली. आता सकाळी फिरून येतो आणि चहात साखर घेतो. धनाजीरावांना यंत्रं कळतात, शरीर कळत नाही, असं मात्र त्यांना सांगू नकोस. तू निःशंक मनाने सोड.

तुझ्या भल्याचाच विचार करणारा,
जयसिंगदादा


सातारा
२० मे २०२४

सौ. वसुंधरावन्सं यांस,
मोहनावहिनीचा स. न. वि. वि.

तुमच्या उजव्या पायाची दोन बोटं काढावी लागली, हे धनाजीरावांच्या फोनवरून कळलं आणि हातातलं काम तसंच राहिलं. माझ्या गुडघ्यांमुळे येता येत नाही. तुमचे दादा दोन दिवस धड जेवले नाहीत. गच्चीत बसून असतात.

वन्सं, रागावू नका, पण इन्सुलिन बंद का केलंत? तुमच्या दादांकडे बघायचं होतं. अकरा वर्षं झाली, प्रवासात असोत की लग्नात, रोज सकाळी सुई घेतल्याशिवाय चहाला हात लावत नाहीत. दिवाळीत तुमच्याकडे आलो तेव्हासुद्धा मी बर्फाच्या डब्यात घालून आणली होती. त्यांच्यासारखी शिस्त ठेवा, म्हणजे लवकर चालू लागाल.

पाय जमिनीला टेकवू नका. येते श्रावणात, गुडघे काही का म्हणेनात.

तुमची,
मोहनावहिनी


प्रतापनगर, बडोदे
२ जून २०२४

जयसिंगदादांस,
न. वि. वि.

वहिनींचं पत्र मी चार वेळा वाचलं. त्यांना काही बोलू नका. त्यांना माहीतच नाही की त्यांनी मला काय सांगितलं.

इस्पितळात कौशल्याबेन रोज येऊन बसायच्या. एकदा मी त्यांना तुम्ही लिहिलेला अर्थ सांगितला. तेव्हा त्यांचा मुलगा हार्दिक, तुमचा जुना विद्यार्थी, म्हणाला की सरांनी तर वर्गात वेगळंच सांगितलं होतं. उंटाच्या घशात कलिंगड अडकलं. जाणत्याने मानेखाली दगड ठेवून वरून मोगरी मारली, कलिंगड फुटलं, उंट उठून चालू लागला. बघणाऱ्या एकाला वाटलं, वैदकी एवढीच. तो गावोगाव फिरू लागला. एका म्हातारीच्या गळ्याला गाठ होती. तिला आडवं निजवून त्याने मोगरी हाणली. म्हातारी जागच्या जागी गेली, आणि तेव्हापासून अशा माणसाला ऊंटवैद म्हणतात. हार्दिक म्हणाला, तुम्ही उंटासारखी मान करून दाखवायचात आणि सगळा वर्ग हसायचा.

म्हणजे पाचवीतल्या पोरांना तुम्ही खरं सांगितलंत. मला बनवून सांगितलंत.

पुडीवर माझा विश्वास नव्हता, दादा. वैदजींवरही नव्हता. तुमच्यावर होता.

वसुंधरा


सातारा
१२ जून २०२४

चि. वसुंधरा हिस,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

निवृत्तीनंतर मला कोणी काही विचारत नव्हतं. कानामुळे चार माणसांतही एकटाच असायचो. वैदजींनी मला स्टेजवर खुर्ची दिली, पंडितजी म्हणून ओळख करून दिली आणि माईक हातात दिला. पुडी मी घेत होतो हे खरं, सुईही घेत होतो. सुई सुटली हे शब्द बोलण्याच्या भरात तोंडून गेले. लोकांनी हात जोडले, एक बाई पाया पडली. मग ते शब्द मागे घेता आले नाहीत. तुझं पत्र आलं तेव्हा खरं लिहायला बसलो होतो. तू धनाजीरावांना वाचून दाखवशील, ते हसतील, एवढंच मनात आलं, आणि उंटांची ती सगळी गोष्ट रचली. पुडीने काही बिघडणार नाही, अशी मनाची समजूत घातली. तू सुई खरंच सोडशील, हा विचार नकोसा होता, म्हणून तो केलाच नाही.

मोहनाला परवा सगळं सांगितलं. ती माझ्याशी बोलत नाही. क्षमा मागण्याचीही माझी योग्यता नाही, तरी मागतो.

जयसिंग


प्रतापनगर, बडोदे
२० जून २०२४

दादांस,

पत्र पोचलं. क्षमेचं मला आत्ता विचारू नका. ड्रेसिंग करताना जिथे बोटं नाहीत तिथेच दुखतं, त्यातून मन बाहेर निघत नाही.

शिबिरात सुई सोडलेले आणखी सात जण निघालेत. त्यातले एक गृहस्थ, नंदेसरीच्या कारखान्यात काम करणारे, गेले. घरी दोन मुली आहेत. आम्ही सगळ्यांनी मिळून तक्रार केली आहे. अधिकाऱ्यांनी विचारलं की इन्सुलिन कोणाच्या सांगण्यावरून बंद केलंत. मी तुमचं फेब्रुवारीचं पत्र त्यांच्यापुढे ठेवलं. धनाजीराव म्हणाले होते, भावाचं नाव नको घालूस. मी घातलं.

तेव्हा तुम्हाला बोलावणं येईल. स्टेजवर जे बोललात ते खोटं होतं, हे तुम्हाला इथे येऊन, त्या मुलींच्या समोर, तोंडाने सांगावं लागेल. कानाचं यंत्र घालून या. त्या काय म्हणतात ते तुम्हाला ऐकू आलं पाहिजे.

उतरायला दुसरीकडे जाऊ नका. स्टेशनवर धनाजीराव येतील. ते बोलणार नाहीत, पण तुमची बॅग उचलतील. पानं आमच्याकडेच मांडू. मी वाढीन की नाही, ते त्या दिवशी कळेल.

वसुंधरा